आडवी होणारी खुर्ची

पट्टे सोडायला परवानगी मिळाली तशी प्यो मालसुन उठली आणि खुर्च्यांच्या पाठी धरत धरत विमानाच्या शेपटाकडे निघाली. मागच्या भिंतीला पाठ टेकून ती उभी राहिली, तेव्हा कुठे तिचा श्वास मोकळा झाला. सोलहून जेजू बेटावर विमान तासाभरात पोचतं. पण कण्यात स्क्रू बसवल्यापासून तिला तेवढा वेळही सलग बसवत नसे.

चहाचे पेले भरणारी एअर होस्टेस तिच्याकडे बघत राहिली. सकाळच्या फेरीतही ही बाई इथेच उभी होती. जेजूला काही विसरलं होतं का, असं तिनं विचारलं.

"नाही गं. मैल गोळा करतेय."

पोरीला हसू फुटलं, आणि लगेच ती ओशाळली. मालसुनला त्याचं काही वाटलं नाही. तिनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं.

तिची थोरली बहीण तरुणपणी शिवणकामाला म्हणून ब्राझीलला गेली, ती साओ पाउलोचीच झाली. आता तिचं हृदय थकलं होतं. इतक्या लांब बसून जाणं मालसुनला शक्य नव्हतं. आडवी होणारी खुर्चीच हवी, आणि तिचं भाडं मालसुनच्या शिलाईच्या दुकानाच्या आवाक्यातलं नव्हतं. म्हणून कितीतरी वर्षं तिनं दोरा, अस्तर, भाजी, औषधं, सगळं मैल देणाऱ्या कार्डावर घेतलं. पुरेसे मैल साठले की त्यांच्या बदल्यात तिकीट मिळतं. हे मैल हानुल विमान कंपनीचे. हानुलची विमानं ब्राझीलला जात नसत, पण विमान कंपन्यांच्या ज्या गटात ती होती त्यातल्या दुसऱ्या कंपनीची जात, आणि त्या विमानात हे मैल चालत.

मग एका मोठ्या कंपनीनं हानुल विकत घेतली. आता उद्या रात्री हानुल त्या गटातून बाहेर पडणार होती. मैल बुडणार नव्हते, पण यापुढे ते हानुलच्या स्वतःच्याच विमानांत चालणार होते. थोडे कमी पडत होते, ते भरून काढायला मालसुन मागच्या महिन्यात मुलाबरोबर गटातल्याच एका विमानानं तैपेईला जाऊन आली. पाठ धरून आली, आणि मैल जमाच झाले नाहीत. त्या कंपनीशी असलेला करार आधीच मोडला होता. आता मैल मिळणार ते फक्त हानुलच्या स्वतःच्या विमानांत बसून. त्यातलं सगळ्यात जवळचं हे, जेजूचं. आठवडाभर ती रोज येत-जात होती.

सून गारम आज सकाळी म्हणाली होती, आई, अशानं पाठ मोडून घ्याल. मोडलेलीच आहे, असं म्हणून मालसुननं बूट घातले होते.

एअर होस्टेसनं ऐकून घेतलं. उतरायची वेळ झाली तेव्हा तिनं मालसुनला शेवटच्या रांगेत बसवलं आणि एक पांघरूण घडी करून तिच्या कमरेमागे सारली.

जेजूच्या विमानतळावर हानुलच्या खिडकीत नामगुंग नावाचा तरुण बसला होता. आजच्या फेऱ्या धरून मैल पुरे होतात, हे त्यानं मान्य केलं. पण ते खात्यावर चढायला दोन-तीन दिवस लागतात, आणि गटाच्या विमानातली जागा, प्रवास नंतरचा असला तरी, उद्यापर्यंतच राखून ठेवता येईल. नियम त्याच्या हातात नव्हता. त्यानं तिला समोरच्या बाकावर बसून घ्यायला सांगितलं, वरिष्ठ आले की विचारून बघतो म्हणाला.

"मी इथेच थांबते," मालसुन म्हणाली. "मला बसण्यापेक्षा उभं राहणं सोपं जातं."

आणि ती खरंच हलली नाही. मागे रांग वाढत गेली. संत्र्यांच्या पेट्या घेतलेला एक माणूस आधी पुटपुटला, मग त्यानं शेजारच्याला कारण विचारलं, आणि पेट्या खाली ठेवून उभा राहिला. अखेर नामगुंगनं सोलला फोन लावला. बराच वेळ तो हळू आवाजात बोलत होता. मधेच म्हणाला, नाही साहेब, त्या जाणार नाहीत. मग फोन ठेवून त्यानं आजचे मैल हातानं चढवले आणि जागा शोधायला घेतली.

पुढच्या आठवड्यात एक खुर्ची होती. आडवी होणारी. त्यानं तिचं नाव घातलं. आणि बटण दाबायच्या आधी थांबला.

"मावशी, हे फक्त जाण्याचं आहे, मैल तेवढेच पुरतात. उद्यानंतर तिथून परत यायला हे मैल चालणार नाहीत. येताना काय कराल?"

मालसुननं काउंटरवर दोन्ही तळहात टेकले. ताई दर वेळी फोनवर सांगायची, येऊ नकोस, तुझी पाठ सांभाळ. गेल्या वेळी मात्र येऊ नकोस न म्हणता तिनं एवढंच विचारलं होतं की तिकडे आता थंडी पडली का.

"दाबा," ती म्हणाली.

यंत्रातून कागद निघाला. नामगुंगनं तो दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला. मग संध्याकाळच्या सोलच्या विमानात तिला अगदी मागची जागा दिली आणि सवयीनं विचारलं, या फेरीचे मैल याच खात्यावर घालू ना?

"राहू द्या," मालसुन म्हणाली. "आता नुसती घरी जातेय."