छत्तीसचा रोल

बायकोला जाऊन महिना झाला, त्या दिवशी कळलं की तिचे शेवटचे फोटोही गेले. छत्तीस फोटो झाले तरी रोल संपेना, म्हणून कॅमेरा दुरुस्तीवाल्याकडे नेला होता. त्याने तो उघडला आणि म्हणाला, "काका, रोल पुढे सरकलेलाच नाही. नुसतंच बटण दाबत होतात."

आजारपणात ती आधी फोटोला नाहीच म्हणायची. "या अवतारात नको हो." मग एक दिवस आपणहून तयार झाली. "काढा, पण रोल मी भरणार. तुमच्या हाताचा भरवसा नाही." रोज उशीला टेकून बसायची आणि वर मलाच विचारायची, "हसू की नको?"

"रोलचं टोक चकतीत नीट अडकलं नसेल," मी म्हणालो.

"अडकेल कसं? टोकच कापलंय." त्याने रोल माझ्यापुढे धरला. कापलेली कड करवतीसारखी दातेरी होती. तसली कात्री घरात एकच, तिच्या शिवणाच्या डब्यातली. त्या कात्रीला ती मला हातसुद्धा लावू द्यायची नाही.



चाळीस वर्षं आम्ही कशाकशावरून भांडलो, पण या लबाडीवरून भांडायचं राहून गेलं.