विसाच्या आत

घरच्या टेबलावर रक्त तपासायचं एक यंत्र होतं, दोन सुया होत्या आणि शेजारी अठरा तारांची नवी सतार. संधिवाताची चाहूल दहा वर्षं आधीच रक्तात लागू लागल्यापासून संगीत विद्यालय त्या तपासणीत फक्त विसाच्या आत आकडा आलेली मुलं घेई. पुढे वाकणाऱ्या बोटांना शिकवायचं कशाला?

नाझनीनच्या आईची बोटं या दुखण्यानं कधीच वाकली होती. म्हणून मिरजेत सतारी घडवणाऱ्या दस्तगीरनं लेकीऐवजी स्वतःचं बोट पुढे केलं. त्याच्या घराण्यात कुणाचे सांधे कधी धरले नव्हते.

"अब्बा, हे खोटं आहे."

"गप गं. रक्तावर काय नाव लिहिलेलं असतं?"

पहिली सुई त्याच्या बोटाच्या घट्ट्यावर वाकली.

"तुम्हाला सुई नाही, लाकडाला भोक पाडायचं गिरमिटच पाहिजे," नाझनीन हसली.

"माझं राहू दे. उद्यापासून तुझ्या बोटांना घट्टे पाडायचेत," तोही हसला.

दुसरी सुई शिरली. थेंब पट्टीवर पडला. आकडा यंत्रातून थेट विद्यालयाकडे जाणार होता. नाझनीन सतार मांडीवर घेऊन बसली.

पडद्यावर तिच्या नावापुढे आकडा उमटला : एकशे चौऱ्याऐंशी.