धडधाकट

माझी ताई उंदीर पाहून किंचाळायची, म्हणून पीएच.डी.ला तिने प्रयोगशाळेतले पिंजरे सोडून कॉम्प्युटरवरचं संशोधन धरलं. बायोइन्फॉर्मॅटिक्स! विशीपर्यंत गुपचूप दडून बसणारा हृदयाचा एक आजार नुसती जनुकं वाचून आधीच ओळखेल, असा प्रोग्रॅम तिला बनवायचा होता. तो तपासून बघायला एक ठणठणीत माणूस हवा होता. मी नुकतीच शाळेच्या शर्यतीत पहिली आले होते. म्हटलं, "माझ्याहून धडधाकट कोण मिळणार तुला?" आणि जनुकांच्या नमुन्यासाठी ऐटीत तिच्या नळीत थुंकले.

"थुंकण्यातसुद्धा पहिली गं माकडे!" ताई म्हणाली. माकड सोडून दुसरी हाक तिने मला कधी मारलेलीच नाही.

प्रोग्रॅमने मला थेट आजारी लोकांच्या रांगेत नेऊन बसवलं. घरभर हशा! बाबा म्हणाले, "त्यापेक्षा उंदरांशी जमवून घेतलं असतंस तर बरं." ताई इरेला पेटली. चूक शोधायला तिने अख्खा प्रोग्रॅम उसवून पुन्हा लिहिला, माझा नमुनाही नव्याने घेतला. जेवतानासुद्धा स्क्रीनवरची नजर हलेना.

आज मी सरावाला निघाले, बुटाची नाडी बांधत होते, तेव्हा तिने लॅपटॉप मिटला.

"सापडली का एकदाची चूक?" मी विचारलं.

ती माझ्यासमोर खाली बसली आणि मी बांधलेली नाडी तिने हळूच सोडली.



"आज नको ना धावूस, बाळा."