गोलातलं गोलात

“हात दे गं!” करिष्मा ओरडली.

स्वप्नालीनं दिला नाही. फायनलचं शेवटचं मिनिट, गुण बरोबरीत, समोरून निगडीची ती उंच पोरगी चढाईला आलेली, आणि उजव्या कोपऱ्यात या दोघींची साखळी सुटलेली. चढाईवालीनं नेमकं तेच हेरलं. मधून घुसली, दोघींना शिवली आणि रेषा गाठलीसुद्धा. दोन गुण गेले आणि त्यांच्याबरोबर सामनाही गेला.

संघाची कॅप्टन असून असं वागली! पण जिनं केसानं गळा कापला, तिचा हात धरायचा तरी कसा?

चार दिवसांपूर्वी कंपनीच्या योगिनी मॅडम सराव बघायला आल्या होत्या. वस्तीतल्या पोरींचा हा संघ त्यांच्या कंपनीनंच पोसलेला. जर्सी त्यांची, बूट त्यांचे. मॅडमनी स्वप्नालीच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “लोणावळ्याहून परत आली ती तूच ना? शाब्बास!”

स्वप्नालीच्या पायाखालची जमीन सरकली. लोणावळ्याचं ती जन्मात एकदाच बोलली होती, आणि तेही गोलात.

गोल ही कोच रणजीत सरांची रीत. सराव संपला की सगळ्या पोरींनी मैदानातच गोल करून बसायचं, शेजारणीचा हात धरायचा आणि मनात साचलेलं बोलून टाकायचं. सरही गोलात बसायचे. दोनच नियम सांगायचे, पण रोज सांगायचे. “गोलातलं गोलात राहिलं पाहिजे. आणि टच लागला की पंचानं बघायची वाट बघायची नाही. आपणच हात वर करायचा आणि बाहेर जायचं. इथंही आणि घरीही.” पोरी मागून त्यांची नक्कल करायच्या, पण नियम पाळायच्या.

त्या भरवशावरच स्वप्नालीनं सांगून टाकलं होतं. मागच्या वर्षी चाकणच्या एका पोरासोबत ती घरातून निघून गेली होती. लोणावळा येईस्तोवर डोकं ठिकाणावर आलं. पोराला स्टँडवर सोडून ती एकटीच माघारी आली. आईनं बापाला सांगितलं, पोरगी देहूला मावशीकडं होती. बाप, सयाजी, परभणीकडचा. चाकणला कारखान्यात, पत्रे दाबायच्या प्रेसशॉपमध्ये कामाला. त्याच्या कानावर हे गेलं असतं तर कबड्डीचं सोडाच, दहावीसुद्धा होऊ दिली नसती. गावाकडं नेऊन दिवाळीच्या आत लग्न लावून दिलं असतं. हे सगळं सांगताना ती ढसाढसा रडली होती, आणि तेव्हा तिचा हात घट्ट धरून बसली होती करिष्माच.

आणि करिष्माची आई पुनावळ्याला मॅडमच्याच घरी पोळ्या करायला जाते. आता आणखी पुरावा कशाला हवा?

“तुझ्या आईला मॅडमकडं बोलायला दुसरं काही मिळालं नाही का?” हाफटाइमला तिनं करिष्माला सगळ्यांदेखत विचारलं होतं.

“आईशप्पथ सपना, माझ्या तोंडून एक अक्षर गेलं असेल तर जीभ झडो.”

“झडू दे मग,” स्वप्नाली म्हणाली होती.

बक्षीस समारंभाला पोरी मान खाली घालून ओळीत उभ्या राहिल्या. समोर पहिल्याच रांगेत सयाजी बसला होता. शिफ्ट बदलून, कारखान्याच्या गणवेशातच आलेला. लेकीचा खेळ तो आयुष्यात पहिल्यांदा बघत होता. संघ हरला तरी गड्यानं तोंडात दोन बोटं घालून अशी शिट्टी मारली की पाहुण्यांनी वळून पाहिलं. स्वप्नालीला लाज वाटली आणि बरंही वाटलं.

रणजीत सरांनी माइक घेतला.

“आज आम्ही हरलो. पण मॅडम, ज्या मुलीबद्दल मी तुम्हाला रिपोर्टमध्ये लिहिलं होतं, ती ही बघा. स्वप्नाली! मागच्या वर्षी एका पोराबरोबर पळून लोणावळ्यापर्यंत गेली होती. आज ती आमची कॅप्टन आहे!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. मॅडमनी डोळे टिपले. सरांना तर आकाश ठेंगणं झालं होतं.

रिपोर्टमध्ये. म्हणजे सरांनीच. स्वप्नालीच्या अंगाची लाही लाही झाली. आईपाशी जे धड बोलता आलं नाही ते या माणसापुढं बोलले, आणि यानं ते कागदावर उतरवून पाठवून दिलं!

ती सरांजवळ गेली. “सर, ते गोलातलं होतं.”

“अगं वेडे, कौतुकच केलं ना तुझं!” सर हसले. तिच्या खांद्यावर थोपटून ते मॅडमसोबत फोटोला उभे राहिले.

सयाजीच्या टाळ्या केव्हाच थांबल्या होत्या. तो लेकीसमोर येऊन उभा राहिला. ओरडला नाही. ओरडला असता तर परवडलं असतं.

“बूट काढ,” तो म्हणाला. “ज्याचे त्याला देऊन टाक. घरी चल.”

तिनं खाली बसून नाड्या सोडल्या. बूट जोडीनं स्टेजच्या पायरीवर ठेवले. सर फोटोत होते. त्यांचं लक्ष नव्हतं.

बाप गेटकडं निघाला होता. पोरींच्या ओळीत करिष्मा उभी होती, नाक ओढत, रडून लाल झालेली. स्वप्नाली तिच्यासमोर जाऊन थांबली. मग तिनं उजवा हात सरळ वर केला, आणि अनवाणीच बापाच्या मागं मैदानाबाहेर चालू लागली.