तिसरी खुर्ची

"तिघींतली एक मोडावी लागेल, साहेब," मिस्त्री म्हणाला. "तिच्या लाकडात बाकीच्या दोन उभ्या राहतील. नवं लाकूड लावलं तर ठिगळ दिसेल. ऊनपाऊस खाल्लेल्या लाकडाला तसलंच लाकूड लागतं."

अंगणात तीन खुर्च्या होत्या, उन्हापावसानं राखाडी पडलेल्या. साहेबांच्या खुर्चीच्या बैठकीच्या दोन पट्ट्या गेल्या होत्या, बाईंच्या खुर्चीचा एक पाय. तिसरीला बाई सकाळपासून स्वतःच पॉलिश पेपर घासत होत्या. "माझ्या पोटावर पाय देता की काय, बाई?" असं मिस्त्रीनं दोनदा म्हणून पाहिलं. बाई काही हसल्या नाहीत.

"ती मोडा," साहेबांनी तिसरीकडे बोट केलं.

मिस्त्रीनं ती हलवून पाहिली. खुर्ची कुरकुरलीसुद्धा नाही. पाठीच्या पट्टीवर कुणीतरी लहानपणी खिळ्यानं वेडंवाकडं फूल कोरलेलं होतं.

"अहो, तिघींत हीच तर धडधाकट आहे! हिच्यावर घाव कशाला?"

"तिच्यावर बसणारं कोणी नाही आता."

"पोरगी आली तर?" बाईंनी खाली बघतच विचारलं.

"मी जिवंत असेपर्यंत ती या फाटकातून आत येणार नाही. दोन वर्षांपूर्वीच सांगितलंय. पुन्हा विषय नको."

मिस्त्रीला आपण उगाच तोंड उघडलं असं झालं. दुसऱ्याच्या घरातलं भांडण आणि आपण मध्ये. त्यानं मुकाट्यानं हातोडा उचलला. तेवढ्यात बाई पुढे झाल्या आणि त्या खुर्चीवर बसल्या.

"ऊठ," साहेब म्हणाले.

"मोडायचीच तर माझी मोडा," बाई मिस्त्रीला म्हणाल्या. त्या उठल्या नाहीत.

मिस्त्रीनं बाईंची खुर्ची आडवी केली आणि पटाशीचं टोक एकेका पायाला लावून पाहिलं. पटाशी लोण्यात शिरावी तशी आत गेली. बैठक बोटानं दाबली, तर भुसा गळला. वरून तेवढा आकार शिल्लक होता. त्याला वाईट वाटलं.

"बाई, हिच्यातून घेण्याजोगं काहीच उरलं नाही हो. इतके दिवस बसत तरी कशा होतात हिच्यावर?"

"जपून," बाई म्हणाल्या.

मिस्त्रीनं ती खुर्ची हळूच बाजूला ठेवली. तिसरीवरून बाई उठणार नव्हत्या. आता मोडण्याजोगी एकच खुर्ची राहिली होती, साहेबांची. त्यानं मान वर केली. साहेब तिच्या मागे उभे होते, तिची पाठ दोन्ही हातांनी गच्च धरून.