कोरडा उंबरा

"तो एक बिंदू काढून टाक," तिचा सहकारी वेंकट म्हणाला. "एका माणसाच्या आठवणीपायी सगळं मॉडेल अडवून धरायचं?"

ऊर्मीने तो बिंदू तसाच ठेवला. तो माणूस तिचा बाप होता.

अड्यारच्या त्या संस्थेत ती एकच काम करत आली होती. २००४ची त्सुनामी संगणकावर पुन्हा चेन्नईच्या किनाऱ्यावर आणायची. कुठल्या रस्त्यात पाणी किती चढलं, ते लोकांनी दाखवलेल्या खुणांशी छान जुळत होतं. पुन्हा लाट आली तर कुठल्या वस्तीने कुठे पळायचं, हे त्यावरूनच ठरणार होतं. माशी शिंकली ती तिच्याच जुन्या घरापाशी. मॉडेलमध्ये तिथला उंबरा कोरडाच राहायचा. पाणी तिथवर न्यायचं तर अर्धं अड्यार बुडवावं लागे.

आणि त्याच उंबऱ्यावरून तिची आई वाहून गेली होती. मार्गळी महिन्यात दारापुढे घालतात ती मोठी रांगोळी घालत बसली होती, पाणी आलं आणि घेऊन गेलं, असं अप्पा सांगत. चार वर्षांची ऊर्मी तेव्हा समुद्रापासून लांब, टी. नगरला आत्याकडे होती. त्या पाण्याला जाब विचारायचा म्हणूनच ती हे सारं शिकली.

आज घरी आजोबांचं श्राद्ध होतं. अप्पा या बाबतीत फार कडक. आईवडिलांची तिथी त्यांनी कधी चुकवली नाही. बायकोचं श्राद्ध मात्र आजवर घातलं नव्हतं. धीर होत नाही बिचाऱ्याला, असं आत्या म्हणायची. ऊर्मीचा जीव त्यासाठी त्यांच्यावर अधिकच होता.

जेवणं झाल्यावर तिने अप्पांना सांगून टाकलं. मॉडेल चुकीचं आहे, उद्या ती तसं साहेबांना लिहून देणार. नकाशे थांबतील, नोकरीही बहुधा जाईल. तुम्ही डोळ्यांनी पाहिलेलं पाणी ज्याला दिसत नाही, त्याच्या भरवशावर लोकांचे जीव कसे टाकायचे?

"बाकीच्या खुणा जुळतात?" अप्पांनी विचारलं.

"सगळ्या."

"मग लिहू नकोस."

"माझ्या नोकरीसाठी खोटं नका बोलू, अप्पा."

अप्पा दाराबाहेर कावळ्यासाठी ठेवलेल्या पानाकडे बघत राहिले.

"तुझ्या आईचं श्राद्ध मी का घालत नाही, हे तू कधी विचारलं नाहीस."

"तुम्हाला त्रास होईल म्हणून."

"जित्या माणसाचं घालत नाहीत, ऊर्मी."