खिळ्यावरचा बिल्ला

पिंजऱ्याचं दार सताड उघडं होतं. आत अर्धं कुरतडलेलं गाजर तसंच पडलं होतं आणि कुंपणाच्या फटीपाशी करड्या केसांचा पुंजका. ओल्या मातीत कोल्ह्याची पावलं सरळ आली होती आणि सरळ गेली होती.

"चिमणीला इकडे येऊ देऊ नका," सून म्हणाली.

पण आठ वर्षांची चिमणी तिच्या मागेच उभी होती, अनवाणी. "मोजा?" एवढंच ती म्हणाली. सशाचा एकच पाय पांढरा, म्हणून त्याचं नाव मोजा. ते तिनंच ठेवलं होतं.

आजोबा मागच्या दारात थांबले. त्यांनी आधी पिंजऱ्याकडे पाहिलं, मग दाराशेजारच्या खिळ्याकडे. खिळ्याला पितळी बिल्ला लटकत होता.

बिल्ल्याची पद्धत त्यांचीच. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करण्यात गेलेली. दुकानात दुरुस्त झालेलं घड्याळ तेवढं खिळ्याला जायचं, बाकीची टेबलावर. तीच शिस्त त्यांनी घरी आणली. दिवसभर मोजा बागेत मोकळा, तेव्हा बिल्ला जेवणाच्या टेबलावर. संध्याकाळी तो आपण होऊन पिंजऱ्यात जाऊन बसे. मग आजोबांनी बाहेरून कडी घालायची आणि त्यानंतरच बिल्ला खिळ्याला अडकवायचा. "माझ्या डोक्यावर भरवसा ठेवू नका रे, खिळ्याकडे बघा," असं ते हसत हसत म्हणत.

"काल कडी घातलीत ना, बाबा?" मुलानं विचारलं.

"फिरून आलो तेव्हा बिल्ला खिळ्याला होता. म्हटलं, जाण्याआधीच घातली वाटतं."

"पण घातलीत का?"

आजोबांनी खिळ्यावरचा बिल्ला बोटानं चाचपला. "आठवत नाही रे," ते म्हणाले.

"मी तर काल बागेत पाऊलसुद्धा टाकलं नाही," सून म्हणाली. ते खरंच होतं. मुलगाही उशिरा आला होता.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. असं पाहणं हल्ली वरचेवर चालू होतं. गेल्या महिन्यात आजोबा दुकानाची किल्ली कुलपातच विसरून आले होते. त्याआधी एका गिऱ्हाइकाचं घड्याळ दुसऱ्याच्या हातात दिलं होतं. दुकान आता बंद करावं हे नवरा-बायकोचं कधीच ठरलं होतं. सांगायचं कोणी, यावर गाडी अडली होती.

सुनेच्या तर जिवावर आलं होतं. ती या घरात आली तेव्हा तिची ग्रंथालयातली नोकरी सुटू नये म्हणून सगळ्या नातेवाइकांशी याच सासऱ्यांनी भांडण घेतलं होतं.

"वाईट वाटतं हो," ती नवऱ्याला म्हणाली. "पण आज ससा गेला. उद्या गॅस चालू राहिला तर? चिमणीला शाळेतून आणायलाही तेच जातात."

बोलता बोलता तिनं सासऱ्यांचा चष्मा डबीत ठेवला, वर्तमानपत्राची घडी केली आणि नवऱ्यापुढचा चहाचा कप उचलून विसळायला घेतला.

"अगं, पीत होतो मी!"

दिवसभर पुस्तकं जागेवर लावणारी बाई, मी जरा जास्त वेळ बसलो तर मलाही उचलून फळीवर लावील, असं तो चारचौघांत सांगायचा. आज त्याला थट्टा सुचली नाही. तिनं दुसरा चहा केला.

सांगायची वेळच आली नाही. तिसऱ्या दिवशी आजोबांनी दुकानाच्या किल्ल्यांचा जुडगा आपणहून टेबलावर ठेवला.

"घड्याळं लोकांची असतात, पोरी. माझ्या हातून मोजा गेला, तेवढं पुरे."

सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुमचा दोष नाही, बाबा. वय झालं की होतं असं," ती म्हणाली.

चिमणीला हे अजिबात पटलं नाही. "आजोबा विसरत नाहीत. आदल्या दिवशी गोष्ट कुठे थांबली होती ते त्यांना रोज बरोबर आठवतं!" तिनं स्टुलावर चढून खिळ्यावरचा बिल्ला काढला आणि टेबलावर आणून ठेवला. "मोजा बाहेर आहे ना? मग तो येईपर्यंत बिल्ला इथेच राहणार."

तिच्याशी वाद घालायची कोणाची छाती झाली नाही.

शुक्रवारी मुलगा आणि आजोबा दुकान रिकामं करायला गेले. चिमणीला शाळेतून आणायचं काम आता सुनेकडे आलं होतं. दोघी घरी आल्या. चिमणीनं रोजच्यासारखा टेबलावरच्या बिल्ल्याला हात लावला आणि ती हातपाय धुवायला गेली.

तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. सुनेनं तो खांद्याशी धरला आणि टेबल आवरायला घेतलं.

"घड्याळं खोक्यात भरून झाली. आता पाटी उतरवतोय," तो म्हणाला.

"बाबा कसे आहेत?"

"सकाळपासून एकच चाललंय, बिल्ला लावल्याचं मला आठवत का नाही."

सुनेला भडभडून आलं. "त्यांना म्हणावं, नका त्रास करून घेऊ," ती म्हणाली. "आणि लवकर घरी घेऊन या त्यांना. मी चहा टाकते."

तिनं फोन ठेवला. टेबल लख्ख झालं होतं.

चिमणी ओल्या हातांनीच बाहेर आली आणि मध्येच थबकली.

"आई, बिल्ला खिळ्याला कोणी लावला?"

"मी नाही गं," सून म्हणाली, आणि अगदी मनापासून म्हणाली.

घरात त्या दोघींशिवाय कोणी नव्हतं. खिळ्यावरचा बिल्ला अजून हलत होता.